न दिलेला कोयता

"धार पार गेली गो वयनी याची. यानं लोणी पण कापायचं नाय."

राघोकाकाने माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. मी ओटीवरच्या खुंटीला टांगलेला, त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर. सगळं ऐकू आलं.

वाईट वाटलं नाही, मित्रांनो. मी एक जुना कोयता आहे, आणि कुरकुरणाऱ्या माणसावर माझा विश्वास आहे. तो का, तेच सांगतो.

माझा जन्म मुरबाडच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी ट्रकच्या चाकावरचा, स्प्रिंगचा पोलादी पाटा होतो, म्हणजे जग बघितलेला होतो. म्हसा गावच्या जत्रेत मालूबाईने मला विकत घेतलं आणि डोळखांबच्या बाजूला, आपल्या पाड्यावर आणलं. तिच्या हातून मी राबासाठी, म्हणजे भात पेरण्याआधी जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडल्या, कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडली, फणस फोडले. संध्याकाळी ती मला पुसून, तेलाचा हात लावून ठेवायची. तेवढं सुख मला पुष्कळ होतं.

पाड्यावर कोयते थोडे आणि मागणारे फार. मालूबाई सगळ्यांना द्यायची, पण विचारायची, "कशाला रे?" कोणी म्हणे कुंपणाला, कोणी सरपणाला. मग तो माणूस अंगठ्याने माझी धार बघायचा आणि हमखास नावं ठेवायचा. ज्याला खरंच काम असतं, तो खोट काढतोच.

एक दिवस राघो आला. तेव्हा तो तरणा होता. सकाळीच बांधावरून त्याचं भावाशी, नामाशी, कडाक्याचं भांडण झालं होतं.

"वयनी, कोयता दे. बांबू तोडायचेत."

आवाज अगदी गोड. धार बघणं दूरच, त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. मालूबाईने मला पाटाखाली सरकवलं, पाटावर बसली आणि तांदूळ निवडायला घेतले.

"आज नाय देत."

तो बराच वेळ उभा होता. ती उठली नाही. शेजारी तिची छोटी लेक दामिनी सुपातले खडे काढता काढता दोघांकडे बघत होती.

पाड्याने मालूबाईला नावं ठेवली. "कोयता सोन्याचा हाय काय हिचा?" राघोला मी कशाला हवा होतो, ते सगळ्यांना कळलं होतं. बोललं कोणीच नाही. पुढे भाऊ-भाऊ एका ताटात जेवायला लागले, तरी त्या गोष्टीचं नाव 'बांबू'च राहिलं.

दामिनी मोठी झाली, कल्याणला वकिली शिकली. काळा कोट मात्र तिने दोन-चारदाच घातला असेल. मुंबईत तिला वेगळंच काम मिळालं. आपल्या कारखान्यांचा माल परदेशी जातो ना, त्यात काही वस्तू अशा असतात की त्यांनी औषधही बनतं आणि माणसं मारायचं विषही. त्या सरकारला विचारल्याशिवाय पाठवता येत नाहीत. काही देशांशी, काही कंपन्यांशी तर व्यवहारालाच बंदी असते. मग ते नाव बदलून, तिसऱ्याच देशाचा पत्ता देऊन माल मागवतात. खरं गिऱ्हाईक कोण आणि खोटं कोण, हे दामिनी शोधते.

पाड्यावर म्हणतात, "कोर्टात जात नाय, मंग वकील कसली?" पण घरी आली की फोनला रेंज माझ्या खुंटीखालीच मिळते, त्यामुळे तिची वकिली मी ऐकत आलोय. मोठमोठे कारखानदार तिच्यावर चिडतात. ती शांतपणे विचारते, "भावात घासाघीस केली नाही? मग आधी तो माणूस बघू द्या." तेव्हा मला माझा तो पाट आठवतो.

आता घरात गॅस आला. मला तेल कोणी लावत नाही, गंज चढतोय. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणेनच. पण कोणी 'कशाला हवाय?' विचारलं, तर त्याचा राग धरू नका, ही माझी खरी विनवणी.

तर आज राघोकाका मला मागायला आला होता. नामाच्या कुंपणाला काटेरी फांद्या हव्या होत्या. नामाला आता चालवत नाही. ओटीवर दामिनीचा धाकटा भाऊ ऋतिक तिच्याशी वाद घालत बसला होता. मुरबाडच्या एमआयडीसीत त्याचं व्हॉल्व्ह बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. पाड्यातली पोरं तिथे कामाला आहेत.

"ताई, बँकेला वकिलाचं पत्र पायजे फक्त. एवढी ऑर्डर गेली तर वर्कशॉप बंद."

"व्हॉल्व्ह कशाला हवेत त्यांना?"

"दूध पावडरला. लिहून दिलंय."

"दुधाला एवढं कडक अॅसिड सोसणारं पोलाद? बसवायला आपला माणूस नको, चाचणी नको. माल टाकायचा भलत्याच देशातल्या गोदामात. भाव तरी पाडला का?"

"नाय. भले लोक हायेत."

"ऋतिक, मी सही नाही करणार."

"मंग भगीरथला तूच सांग, परत वीटभट्टीवर जा म्हणून. पोराची शाळा सोडवून जाईल तो."

भगीरथ दामिनीच्या वर्गातला, आता ऋतिककडे कामाला.

"दे गो," मालूबाई हळूच म्हणाली. "भाऊ हाय तुझा."

मी चमकलो. हीच का ती?

"आये, त्या दिवशी तू पाटावरून उठली नव्हतीस."

"ते बांबूचं येगळं," मालूबाई घाईने म्हणाली आणि राघोकाकाकडे बघायचं टाळलं.

ऋतिक वैतागला. "आपण वस्तू बनवतो, देतो. पुढं ते काय करतील, आपल्याला काय त्याचं? कोयता देणाऱ्याला कोणी इचारतं काय?"

राघोकाकाचा अंगठा माझ्या धारेवरच थांबला होता. त्याने मला खुंटीवरून काढलं, ओटीवर टेकला आणि मला मांडीवर आडवं ठेवलं.

"ऋतिक," तो म्हणाला, "मला बांबू नव्हते तोडायचे रे. नामाला तोडणार होतो."