मौनातला तास

पितळी बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा आता गोळा राहिलाच नव्हता – रोजच्या चिंचेनं झिजून कणीएवढा उंचवटा तेवढा उरलेला. ताम्हनातल्या पाण्यात अंगठा फिरवला की तो लागायचा, आणि तो लागला की तनुजाला दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं. लग्नात आईनं ओंजळीत ठेवला तेव्हा याचे नाकडोळे कसे रेखीव होते… कुणी झिजवलं? मीच की. प्रेमानंच, पण झिजवलं.

सात नद्यांची नावं मनातल्या मनात घेत तिनं पळी उचलली. नावं गंगा-यमुनेची, पाणी खडकवासल्याचं; इतकी वर्षं देवानं तक्रार केली नाही, म्हणजे दानांगच्या नळाचंही तो चालवून घेईल, हे तिनं स्वतःशी केव्हाच मिटवलं होतं. एका वर्षासाठी व्हिएतनामला, दानांगला जायचं, तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, बाळकृष्ण पर्समध्ये न्यायचा – तिच्याकडून सगळं पक्कं. आज नऊ वाजता लॅपटॉपवर तिथल्या मुलांचा एक तास घेऊन दाखवायचा, तो पसंत पडला की नेमणूक. पडेलच. अडत होतं ते फक्त मौनापाशी.

उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही – लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात धरलेलं व्रत, सुटलं नाही ते नाहीच. लोक म्हणाले, किती भाविक! भाविक ती होतीच. पण… हे देवापाशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं… भरल्या घरात ‘तनुजा, चहा’, ‘तनू, टॉवेल कुठाय’ याला ‘आलेच’ म्हणावं न लागणारा तेवढाच वेळ असायचा. देवासाठी की माझ्यासाठी – दोन्ही धागे एकाच वातीत वळलेले, सोडवायचे तरी कशाला? तिथं मात्र एकटीची खोली असेल. हाका मारणारं कुणी नसेल. मग मौन पाळायचं ते कुणासमोर?

“अगं, तुझा लॅपटॉप बोंबलतोय!” टूथब्रश तोंडात धरून विश्वजीत, तिचा नवरा, दारात उभा. “पोरं येऊन बसलीयेत. नऊ म्हणजे त्यांचे नऊ, तनू! आपले कुठले धरून बसलीस?”

तिनं घड्याळाकडे पाहिलं. आपले साडेसात.

हॉलमधून, पेपराच्या आडून, सासऱ्यांचा आवाज आला. “मौनात इंग्रजीचा तास? उत्तम. आमचे मास्तर असाच घ्यायचे. फक्त झोपून.”

“आप्पा, तुम्ही गप्प बसा हो. – तनू, बोलून टाक सरळ. देव काही व्हिसा नाकारत नाही.”

बोलून टाकणं सोपं होतं. ती शिकवायची त्या शाळेत मोठ्या बाईंनी ‘तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही’ म्हणून इंग्रजी काढून घेतलं, हस्तकला दिली, तेव्हा ती मान डोलावून बाहेर आली होती. तेही मौनच – पण ते व्रत नव्हतं. हे आहे. हे मी धरलंय.

ती ताम्हन-निरांजनासकट पडद्यासमोर जाऊन बसली. मुलांचे चेहरे, कोपऱ्यातल्या चौकटीत तास तपासायला वही घेऊन बसलेल्या एक बाई. तनुजानं जास्वंद उचललं आणि कानामागे हात धरला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं… मग, “फ्लॉवर!” पळीतून धार धरली. “वॉटर!” एक आगाऊ मुलगा निरांजनाला “फायर” म्हणाला, शेजारचा “लाइट”; तिनं भांडू दिलं त्यांना. घरातल्या सगळ्या सकाळी तिनं अशाच तर चालवल्या होत्या – तळहात खाली म्हणजे गॅस बारीक, दोन बोटं म्हणजे दूध उतू जातंय. हातांना सगळं येत होतं. शेवटी तिनं बाळकृष्ण वर धरला. “बेबी!” सगळी एकदम ओरडली. खरंच की, रांगणारं बाळच ते… ती हसली. सोपं आहे. हे मला येतं.

कपाळावर केस आलेली एक मुलगी अजून काहीच बोलली नव्हती. ती पडद्याजवळ सरकली. “टीचर… नो व्हॉइस?”

चेष्टा नव्हती त्यात. हाताला पट्टी बांधलेल्या माणसाकडे पाहावं तशी ती पाहत होती, आणि विचारून थांबली होती. खुणेनं सांगता आलं असतं – पूजा चाललीय, नंतर. मान हलवली असती तरी भागलं असतं. पण या घरात मौनाचं कौतुक सगळ्यांनी केलं. आवाज कुठे गेला, असं कधी कुणी…

“आय हॅव अ व्हॉइस,” तनुजा म्हणाली. हळूच, नेहमीच्याच आवाजात. इथं मागचं बाक नव्हतं.

“आय हॅव अ व्हॉइस,” मुलगी म्हणाली. मग सगळी म्हणाली. पुन्हा म्हणाली, अजून मोठ्यांदा.

हॉलमधला पेपर खाली आला. “सुटलं वाटतं,” आप्पा म्हणाले. या वेळी त्यात टोमणा होता की नाही, कळलं नाही.

कोपऱ्यातल्या बाईंनी ‘कळवतो’ म्हणून हात हलवला. पडदा काळा झाला.

देवघरात नैवेद्याच्या साखरेची वाटी तशीच होती. तनुजा अपराधी वाटायची वाट पाहत बसली. वाटेना. मोडलं असेल व्रत, की पुरं झालं असेल… बाळकृष्णाला ताम्हनात ठेवून तिनं पळी हातात घेतली. सगळं पहिल्यापासून करायचं, सात नद्यांपासून, आणि या वेळी नावं मनात नाही घ्यायची.

“तनू, काय म्हणाल्या त्या? आणि चहाचं काय?”

‘आलेच’ जिभेवर आलं होतं.

“थांबा जरा,” ती म्हणाली, आणि पाण्यात अंगठ्याला तो उंचवटा लागला.