काकांची सही आणि माझ्या शेपटीतला तडा

मी एक जुने, घरच्या गॅरेजमध्ये बांधलेले विमान आहे. दोन माणसे बसतील एवढेच. टेक्सासमधल्या एका लहान विमानतळावर, शेपूट उतरवलेल्या अवस्थेत, मी हँगरमध्ये उभे आहे. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही, तरी ऐका.

जवळच्याच फ्रिस्को गावच्या उल्हासकाकांनी मला नऊ वर्षे खपून बांधले. पत्रे जोडणारा एखादा रिव्हेट वाकडा बसला तर काढून पुन्हा ठोकला. विमान स्वतः बांधले म्हणून सरकारने त्यांना माझ्या तपासणीचे प्रमाणपत्र दिले होते. दर वर्षी माझी तपासणी त्यांनीच करायची आणि लॉगबुकात, म्हणजे माझ्या नोंदवहीत, सही करायची. पहिली बारा वर्षे ते माझे एकेक झाकण काढून इतके बारकाईने बघत, की मलाच लाज वाटे.

पुढे त्यांचे गुडघे गेले, नजर मंदावली. शेपटीखालचे झाकण काढायचे म्हणजे जमिनीवर उताणे पडून टॉर्चने आत बघायचे. शेवटची दोन वर्षे काकांनी ते उघडलेच नाही. सही मात्र तशीच, वळणदार. आत शेपटीला धरून ठेवणाऱ्या पट्टीला तडा गेला होता. मला तो जाणवत होता, पण विमानाला कोण विचारतो?

मग काकांनी मला विकायला काढले आणि शंतनू बघायला आला. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, नुकताच पायलटचा परवाना मिळालेला. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडची एक ओळही तपासल्याशिवाय हा पुढे जाऊ देत नसे. त्याची बायको इशिता म्हणाली, घेण्याआधी एखादा मेकॅनिक आणून सगळे उघडून बघ. तशी सक्ती नाही हे खरे, पण शहाणी माणसे तेच करतात. शंतनूने तिला दाराशी नेऊन हळूच सांगितले, "अगं, काकांनी स्वतः बांधलंय, स्वतः इन्स्पेक्ट केलंय. आता मेकॅनिक आणला तर त्यांना काय वाटेल? बरं नाही दिसत, यार."

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, काकूंनी माझ्या नाकाला कुंकू लावले. तडा होता तिथेच राहिला.

वर्षभर दर शनिवारी शंतनू आपल्या आठ वर्षांच्या केयाला शेजारी बसवून उडत असे. ती खालची तळी मोजत हसायची. मी मात्र वाऱ्याच्या प्रत्येक धक्क्याला जीव मुठीत धरून असे.

वर्ष संपले. काकांचा सहीचा अधिकार माझ्याबरोबर विकला जात नाही. नव्या मालकाला स्वतः सही करता येत नाही, आणि काकांनी आता हे काम सोडले होते, म्हणून परवानाधारक मेकॅनिक बोलवावा लागला. त्या मेकॅनिकने पहिल्याच तासात शेपटीखालचे झाकण काढले आणि शंतनूला जवळ बोलावले. तडा पट्टीच्या अर्ध्याच्या पुढे गेला होता. पुढच्या उड्डाणात ती टिकली असती की नाही, हे सांगायला त्याने नकार दिला.

शंतनूने काकांना बोलावून घेतले.

"काका, तुम्ही हे उघडून बघितलं होतं ना?"

काकांनी तड्यावरून बोट फिरवले. "नाही. मला वाटलं, घेताना तू कुणाला तरी आणशील. सगळेच आणतात."

"तुमची सही होती, काका. म्हणून नाही आणलं."

दोघांनी एकमेकांवर भार टाकला होता, आणि त्या भाराखाली केया बसत होती. मला संताप आला. इतकी वर्षे ज्या हातांनी मला घडवले, त्या हातांचाही आला. काका मान खाली घालून निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत, आणि शंतनूनेही त्यांना बोलावले नाही.

मित्रांनो, मी कोसळले नाही यात कुणाचेच कर्तृत्व नाही. वडीलधाऱ्यांच्या पाया अवश्य पडा. पण आपल्या लेकराला कशातही बसवण्याआधी, समोर कुणीही उभे असो, झाकण उघडून आत बघा. कुणाला वाईट वाटले तर वाटू द्या.