थंड असतानाच ऐका

मी एका म्हाताऱ्या शिंप्याची गाडी बोलतेय. वय तेवीस वर्षं. सध्या गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आहे. बॉनेट उघडं, चारही प्लग बाहेर काढलेले.

माझ्या पोटात एक साखळी आहे. तिला टायमिंग चेन म्हणतात. हवा आत घेणं, कोंडणं, बाहेर सोडणं, सगळं तिच्या तालावर चालतं. वयानं ती सैल पडली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की खडखड वाजायची. तेल वर चढलं की गप्प.

शिंप्याची बायको आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला हॉस्पिटलात जाते. आवाजानं ती धास्तावेल, म्हणून तो दहा मिनिटं आधीच येऊन मला गरम करून ठेवायचा. ती बसायची तेव्हा मी शहाण्यासारखी शांत. आतून जीव तुटायचा.

गॅरेजात न्यायचा तेव्हाही मी गरमच.

"काका, आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे," मेकॅनिक हसायचा. "रात्रभर ठेवून जा. सकाळी थंड असताना ऐकतो."

"नको रे. गाडी दारात नसली की हिला झोप लागत नाही."

असं तीनदा झालं.

काल हॉस्पिटलचा दिवस. त्यानं चावी फिरवली. खडखड झाली, एक झटका बसला आणि मी बंद पडले. पुन्हा चावी फिरवली, तर दोरा तुटलेल्या शिलाई मशिनसारखी नुसतीच भरभर फिरले. ती पिशवी घेऊन बाहेर आली.

"पडली ना बंद? रोज ऐकते मी खिडकीतून. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही."

त्यानं शेजाऱ्याचं दार वाजवलं. शेजाऱ्याच्या गाडीतून गेले, तासभर उशिरा.

आज मेकॅनिकनं प्लगच्या जागी मीटर लावून दाब मोजला. तो दीडशेच्या वर असायला हवा होता, चारही सिलिंडरांत साठच्या आत भरला. आत थोडं तेल सोडून पुन्हा मोजला. काटा साठच्या पुढे सरकला नाही.

"पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत, नाहीतर तेलानं दाब वाढला असता. साखळी चाकाचे दात सोडून सरकलीय."

त्यानं खुणा जुळवून साखळी बसवली. दोन सिलिंडरांत दाब चढला. दोनांत चढलाच नाही.

"साखळी सरकली तेव्हा पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकलेत, काका. आता हिचं वय बघता..." त्यानं फडकं उचललं. बराच वेळ हात पुसत राहिला.

"उद्या बायकोला हॉस्पिटलात न्यायचंय. शेजारी बाहेरगावी चाललाय. एकदा चावी फिरवून बघू?"

"काका, प्लग बाहेर आहेत."

"हो. दिसतायत मला."

मला हात असते तर जोडले असते. मला भंगारात देऊ नका. उघडा, दोन व्हॉल्व्ह बदला, त्याची बायको आहे तोवर मला चालू द्या. आणि तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी म्हातारी असेल, तर तिला थंड असतानाच ऐका. गरम झाल्यावर मी गप्प बसायचे, पण बरी कधीच झाले नव्हते.

उद्या सकाळी ती पिशवी घेऊन बाहेर येईल, आणि दारात मी नसेन.