अर्ध्या नोटिशीची विंडो

शैलाबाई गेल्या तेव्हा सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्यांची एक नोटीस अर्धी राहिली होती. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवरील पाण्याची टाकी धुण्यासाठी' एवढंच. पुढे उभी रेघ लुकलुकत होती आणि खाली त्यांचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. त्या शेलूच्या या सोसायटीच्या सेक्रेटरी. टाइप करता करता छातीत दुखायला लागलं, म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत.

त्यांचे यजमान मधूकाका रोज सकाळी ऑफिस झाडायच्या निमित्ताने येत. टाइपिंगच्या चित्रावर माऊस दाबला की तीच विंडो पुढे येई. शैला चहा टाकायला उठलीय, येऊन पुढचं लिहील, असं तेवढ्यापुरतं वाटे. मग ते घरी जाऊन एकट्यापुरता कुकर लावत.

नवा सेक्रेटरी साईनाथ उत्साही होता. टाइप करताना त्याचं बोट कीबोर्डवर आणि नजरही कीबोर्डवरच. सत्यनारायणाची नोटीस काढायला त्याने चित्र दाबलं, खाली मान घालून टाइप केलं आणि छापून लिफ्टजवळ लावलं. लोकांनी वाचलं : 'गच्चीवरील पाण्याची टाकी धुण्यासाठी सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहून तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा.'

पूजेला निम्मे लोक बादल्या घेऊन आले. एकाने खराटाही आणला होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या ईशानीने साईनाथची जोड पुसून ओळ होती तशी केली. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तरी प्रकरण कमिटीत आलंच. विषय : चित्र दाबल्यावर कोणती विंडो उघडावी.

"नवीनच उघडली पायजे," साईनाथ म्हणाला. "सेक्रेटरी नवीन हाय, तर जुनी विंडो कशाला? काका, तुमी राग मानू नका."

"मग जुनी कुठे जाईल?" काकांनी विचारलं.

"बंद करू की."

काका एकदम उभे राहिले. "ती बंद करायची नाही."

"अहो काका, फाइल सेव्ह केलीय मी. कुठे जात नाही," ईशानी म्हणाली.

"फाइलचं नाही गं." पुढचं त्यांना सांगता येईना. ती रेघ लुकलुकते हे कमिटीपुढे कसं मांडायचं?

ईशानीने सरळ तोड सुचवली. विंडो उघडी असेल तर साध्या दाबण्याने तीच पुढे यावी. नवीन हवी त्याने उजवं बटण दाबून नवीन मागावी. इतक्या लवकर मिटणारा विषय कमिटीला परवडत नव्हता.

"उजवं बटण कोणी दाबायचं?" अध्यक्ष सौमित्र म्हणाले. "सभासदांनी की फक्त पदाधिकाऱ्यांनी? पॉलिसी हवी."

"आन् भाडेकरूंचं काय?" साईनाथ म्हणाला.

उपसमिती नेमायचं ठरलं. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. तेवढ्यात चहा आला. सौमित्रांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहाला वास येतोय."

"दूध असंल," साईनाथ म्हणाला.

काकांनी चव घेतली. महिनाभर घरच्या चहालाही हाच वास होता. बायको गेलेल्या माणसाच्या हातचा चहा असाच लागत असेल, असं धरून ते पीत होते.

"दूध नाही," ते म्हणाले. "पाणी आहे. टाकी कुठे धुतलीय?"

सगळे कपांकडे बघायला लागले. महाप्रसादाचा शिरा आठवून एकजण उठून बाहेर गेला.

शैला असती तर पहिलं मलाच झापलं असतं, काकांच्या मनात आलं. माझी ओळ बघत बसलास, आणि सगळ्या बिल्डिंगला हे पाणी पाजलंस.

ते कॉम्प्युटरपुढे बसले. चित्र दाबलं, विंडो पुढे आली. रेघेपाशी त्यांनी एका बोटाने लिहिलं : 'रविवारी दिवसभर पाणी बंद राहील. आदल्या दिवशी भरून ठेवावे.'

"खाली बाईंचं नाव हाय," साईनाथ हळूच म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. बाजूला मी सही करतो."

कागद छापून झाल्यावर काकांनी माऊस वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर नेला. जरा थांबले. मग विंडो त्यांनीच बंद केली.

सोमवारी सकाळी त्यांनी सवयीने चित्र दाबलं. कोरी विंडो उघडली. वर कोपऱ्यात रेघ लुकलुकत होती. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि मग टाइप करू लागले.

'टाकी धुतली. चहा आता बरा होतो.'