दारातली गाडी

विराजचा अपघात महामार्गावर डाळजजवळ झाला. पंचनामा उरकून पोलिसांनी गाडी सोडली, तेव्हा रघुनाथरावांनी ती क्रेनने बारामतीला आणून आपल्या गल्लीत दारासमोर ठेवली. भंगारात देऊन टाका, असं मेहुण्यांनी सुचवलं. "बघू," ते म्हणाले. पुढे घरात हा विषय निघाला नाही.

ते कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई बँकेतून. विराज, एकुलता एक मुलगा, गेला तरी दोघं वेळेवर जेवत, वेळेवर झोपत. भेटायला येणाऱ्यांना वाटे, किती सावरलीत. सावरण्यासारखं आत काही हलतच नव्हतं.

गाडी गंजत गेली. चेपलेल्या टपावर पाणी साचून डास झाले, खाली कुत्री व्याली. गल्लीत कुणी काही बोललं नाही. मग एका दुपारी शेजारच्या सावळाराम आबांच्या छातीत दुखू लागलं. गाडीमुळे ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना, कोपऱ्यावरच अडली. माणसांनी आबांना खाटेवर घालून कोपऱ्यापर्यंत नेलं. आबा वाचले.

पुढच्या आठवड्यात नगरपरिषदेचा नागेश आला. काचेवर नोटीस चिकटवून म्हणाला, "सर, तक्रार आलीये. तुम्ही हलवली नाहीत तर आम्हाला उचलावी लागेल."

रघुनाथराव सरळ शेजारी गेले. आबांच्या पत्नी बनाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"तक्रार तुम्ही केलीत?"

"आमी न्हाय, सर. पोराची गाडी हाय ती. कुठल्या तोंडानं करायची?"

"आबांना खाटेवर न्यावं लागलं."

"न्हेलं की. बरं हायती आता."

ते घरी आले. सरोजिनीबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी केली."

"मला सांगायचंस."

"तुम्ही 'बघू' म्हणाला असतात."

आता राग येईल, म्हणून ते वाट बघत उभे राहिले. आला नाही. समोर बसून तेही मेथी निवडू लागले.

"आबा गेले असते तर," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्याचंही मला काही वाटलं नसतं. त्याचीच भीती वाटली."

क्रेन आली. "आत काही असेल तर काढून घ्या," नागेश म्हणाला. रघुनाथरावांनी दार ओढलं, निघेना. खिडकीतून हात घातला तर सीटखाली विराजची एक चप्पल लागली. दुसरी सापडली नाही. सापडलेली त्यांनी होती तिथेच ठेवली.

"न्या."

गाडी गेल्यावर नागेशच्या माणसांनी कचरा ओढून काढला, डबक्यावर मुरूम टाकला, पावडर मारली. पिल्लं बनाबाईंनी आपल्या अंगणात नेली. दुपारपर्यंत गल्ली मोकळी झाली. मोकळ्या रस्त्याकडे बघून दोघांनाही बरं किंवा वाईट असं काही वाटलं नाही.

डॉक्टरांनी आबांना चालायला सांगितलं होतं. संध्याकाळी ते काठी टेकत बाहेर आले. रघुनाथराव पायरीवर बसले होते.

"येता का, सर? कोपऱ्यापातूर."

रघुनाथराव उठले. आबा वाटेत पिंपळीच्या शेतातल्या उसाबद्दल बोलत राहिले, औंदा तोड उशिरा हाय म्हणाले. रघुनाथराव हं, हं म्हणत गेले. कोपऱ्यावर आबांना दम लागला, तेव्हा त्यांनी आबांचा दंड धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.