टेबलावर एकच डबा

एन्सिओ हाकालाने पन्नास वर्षांत हरणावर विकतचं काडतूस झाडलं नव्हतं, आणि ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत तो हे सांगून मोकळा होत असे. झाडलेली रिकामी पितळी काडतुसं गोळा करायची, घासूनपुसून साफ करायची, तोलून दारू भरायची, वर गोळी बसवायची. सगळं गॅरेजातल्या एका जाडजूड मेपलच्या टेबलावर, स्वतःच्या हातानं. दारू म्हणजे बंदुकीची. दुसरीला त्याने जन्मात हात लावला नाही. तिच्यापायी त्याच्या बापाने एक चांगली दुभती गाय घालवली होती आणि तो राग एन्सिओने आयुष्यभर सांभाळला. राग सांभाळण्यात हाकाला घराण्याचा हात धरणारं मिशिगनच्या त्या उत्तरेकडच्या टोकाला कुणी नव्हतं.

साइमा त्याची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असल्यापासून ती त्या टेबलाशी उभी राहून काम शिकली. आता सेहेचाळिसाची होती, शाळेची बस चालवायची, नवऱ्याला सोडून बापाच्या घरापासून दोन वळणांवर राहायची. टेबलाचा कायदा तिला पहिल्याच दिवशी पाठ झाला होता : टेबलावर दारूचा एकच डबा. काम संपलं की मापात उरलेली दारू त्याच डब्यात परत, डबा कपाटात, मगच दुसऱ्याला हात. कारण दिसायला सगळ्या सारख्याच, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तशा. जळायला लागल्या की मात्र एक बैल आणि एक घोडा. बैलाच्या मापाने घोडा भरला, तर रायफल तोंडावर फुटते.

"ज्यानं दोन डबे ठेवले, त्यानं परत या टेबलाशी बसायचं नाही," इसा म्हणायचा. इसा म्हणजे बाप. वाडवडील फिनलंडहून आलेले, आणि त्या घरात एवढे दोन-चार फिनिश शब्द अजून तग धरून होते. त्याने एका सख्ख्या मेहुण्याला याच कारणावरून गॅरेजातून कायमचं घालवलं होतं. आणि साइमाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवता बुडवता, सगळ्या पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "माझ्यामागे टेबल हिचं. हिनं कधी चूक केली नाही." साइमाला त्या घरातलं दुसरं काही नको होतं. घर विका, जंगलाचा तुकडा विका. बापाने कधी "शाबास" म्हटलं नव्हतं. ते टेबल म्हणजेच ती शाबासकी होती.

दोन वर्षांपूर्वी एन्सिओला झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण बोटं पकडत नव्हती. जुन्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने उचलून मागे ओढावा लागतो. एक सीझन तो नुसता खिडकीत बसून राहिला. मग यंदा उन्हाळ्यात त्याने मुकाट्याने आपोआप भरणारी रायफल आणली, जिला तो जन्मभर 'पहिली गोळी चुकणाऱ्यांची सोय' म्हणत आला होता.

त्याचा शिकारीतला जोडीदार टाउनो ही संधी सोडणार होता थोडाच. "काय एन्सिओ, शिलाई मशीन आणलंस म्हणे? हरीण मारणारेस की त्याला पँट शिवणारेस?"

"तुला शिवतो आधी. तोंडापासून सुरुवात करतो."

काडतुसं अर्थातच घरचीच भरायची होती. एन्सिओने कपाटातून आपला जुना डबा काढला. सावकाश जळणारी दारू. तीस वर्षं हिनेच घरात मांस आणलं होतं.

"इसा, ही नको," साइमा म्हणाली. "या रायफलीच्या नळीला भोक आहे. गोळी पुढे गेली की त्यातून वायू मागे येतो आणि तोच बोल्ट ढकलतो. तुझ्या हाताचं काम तो करतो. ही दारू सावकाश जळते, गोळी भोकाशी पोचली तरी हिचा जोर उतरलेला नसतो. बोल्ट दणादण आदळेल. चार सीझनमध्ये रायफल खिळखिळी."

"मग आता तू मला दारू शिकवणार?"

"मधल्या चालीची घ्यायची. फार चपळ नाही, फार मठ्ठ नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच. मी चौदा वर्षांची होते. शेजारच्या पाद्रीबुवांची असलीच रायफल दुरुस्त करताना."

एन्सिओ खदखदून हसला. "शिकवलं मी आणि विसरलो पण मीच! बरं, आण तुझी मधली." बापाशी वाद घालून जिंकायची तिची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. ती घरी जाताना बसच्या रिकाम्या सीटांना गाणं ऐकवत गेली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ती मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या गरम पेस्ट्या घेऊन आली, तेव्हा टेबलावर दोन डबे होते. दोन्हींची झाकणं उघडी. मापाचं नळकांडं अर्धं भरलेलं. लाकडी खोक्यात ओळीने त्रेचाळीस काडतुसं, भरून तयार.

"बरी आलीस," एन्सिओ म्हणाला. "बघ, डाव्या हातानं भरलीत."

"इसा, मापात कुठली आहे?"

त्याने नव्या डब्याकडे बोट केलं. मग जुन्याकडे. मग चिमूटभर दारू तळहातावर घेऊन वास घेतला, उजेडात धरली. हळूच म्हणाला, "पोरी, मी कुठली भरत होतो गं?"

  साइमाने आतून पोकळ हातोडा घेतला, त्यात एकेक काडतूस अडकवलं आणि ओंडक्यावर आपटून गोळी आणि दारू वेगळी केली. त्रेचाळीस वेळा. एन्सिओ शेजारी बसून पुटपुटत मोजत होता. काडतुसातली, मापातली आणि दोन्ही डब्यांतली दारू मग बटाट्याच्या वाफ्यात विस्कटून टाकली. बिघडलेली दारू तिकडे सगळे खत म्हणूनच टाकतात.

"पुढच्या वर्षी बटाटे जपून काढायला हवेत, उडायचे," साइमा म्हणाली. तो हसला नाही. त्याने पेस्टीही खाल्ली नाही.

सोमवारी मुलांना घरोघर सोडून ती आली. वाटेत तिने वाक्य तयार केलं होतं : इसा, यापुढे आपण दोघं मिळून भरूया. एन्सिओ दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, रिकाम्या टेबलाशी बसला होता. डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला होता.

"बस. खरं सांग. शनिवारी फोडावी लागली ती काडतुसं... दोन डबे कुणी ठेवले होते?"

फोडणं त्याला आठवत होतं. त्याआधीचं काही आठवत नव्हतं. इतका घाबरलेला चेहरा तिने झटका आला त्या दिवशीही पाहिला नव्हता. तयार केलेलं वाक्य तिने बाजूला ठेवलं.

"मी, इसा."

"तू?"

"शुक्रवारी आले होते. जुना डबा काढला आणि परत ठेवायचा राहिला. तुला काय कल्पना? तू आपला भरत बसलास."

एन्सिओने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले. "तू होतीस होय! देवा रे. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. मला वाटलं मीच. म्हटलं हातापाठोपाठ डोकंही चाललं." तो हसत होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. साइमाही हसली. एवढ्यावर भागलं असतं तर ती आयुष्यभर हसत राहिली असती.

पण हाकाला तो हाकालाच. त्याने गाल पुसले, ताठ बसला.

"मग नियम तुला ठाऊक आहे."

तिला क्षणभर वाटलं, गंमत करतोय. मग कळलं, नाही.

"ठाऊक आहे."

"टेबल टाउनोकडे जाईल. यंदाची काडतुसं तो भरेल, मी शेजारी बसेन. मला हे सोपं वाटतंय असं समजू नकोस. पण दारू कुणाची लेक ओळखत नाही."

तिला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. खरं बोलायला एका वाक्याचा वेळ लागला असता. ती उठली आणि त्याच्यासाठी कॉफी केली.

गुरुवारी टाउनो पिकअप घेऊन आला. गॅरेजच्या दारातच त्याने साइमाला गाठलं.

"पोरी, दोन दिवसांत त्यानं मला चार वेळा फोन केला. चारही वेळा तेच विचारलं, टेबल न्यायला कधी येतोस. डबे तू ठेवले नाहीस."

"मीच ठेवले, टाउनोकाका."

"टेबल तुझं होतं गं. सगळ्यांसमोर दिलेलं. एक शब्द बोल, मी आल्या पावली परत जातो."

"त्याच्या हातात डबा देऊ नका. वजनाचा काटाही तुम्हीच बघा. भरून झाली की खोक्यावरच्या चिठ्ठीवर, भरणारा म्हणून, सही त्याची घ्या." तिने गॅरेजचं दार पूर्ण उघडलं. "आणि शिलाई मशीनवरून चिडवायचं थांबवू नका. नाहीतर त्याला संशय येईल."

टाउनोने टोपी काढली, परत घातली. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

टेबल जड होतं, दोघांना जेमतेम पेलणारं. एन्सिओ काठी टेकत पायरीवर आला आणि तिथून सूचना देऊ लागला : डावीकडून धरा, पाय आपटू नका, दाराची चौकट सांभाळा. मग टाउनोला मोठ्याने म्हणाला, "हिच्यावर राग धरू नकोस रे. कबूल तरी केलं हिनं. भल्याभल्यांना जमत नाही. फक्त दारूजवळ हिला येऊ देऊ नकोस."

"नाही येणार, इसा," साइमा म्हणाली, आणि तिने आपल्या बाजूने टेबल उचललं.