सतरा नंबरचं कार्ड

सकाळी साडेअकराला आम्ही नवी साइट चालू केली. बारा वाजून दहा मिनिटांनी सोनाळ्याहून बेबीताईंचा फोन आला. त्या गावच्या आशा सेविका.

"देवानंदभाऊ, कार्डावर मोबाइल धरला त निसते फोटो येऊन राह्यले. दवाखान्याचं नाव नाही, नंबर नाही. इथं दयारामले घोणस चावली. पाय सुजून राह्यला."

जिल्ह्यातल्या सेहेचाळीस गावांत अंगणवाडीच्या भिंतीवर एका संस्थेने कार्डं लावली आहेत. कार्डावरचा चौकोनी कोड मोबाइलने टिपला की सापाच्या विषावरचं इंजेक्शन आज जवळच्या कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते नाव आणि फोन दिसतो. ती साइट आम्ही सांभाळतो.

मी ताईंना फोन चालू ठेवायला सांगितला आणि साठ्याच्या नोंदी थेट उघडल्या. सगळ्यात जवळच्या दवाखान्यात शून्य. त्यापुढच्यात आठ कुप्या. मी त्याचं नाव सांगितलं.

"तिकडेच जा. मधात कुठं थांबू नका."

"पक्कं?"

"पक्कं."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

चिखलीतल्या आमच्या ऑफिसात आता मी आणि गोकुळ दोघंच. आधी तिघं होतो. तिसरी रेणुका, माझी बायको. डोक्यात रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत गेली. त्याला सात महिने झाले.

"सर, दोनशे बारा टेस्ट हिरव्या हायेत," गोकुळ म्हणाला. "एकही लाल नाही."

टेस्ट म्हणजे छोटा प्रोग्रॅम. तो साइटवरचा एकेक पत्ता उघडतो आणि उत्तर काय येतं ते बघतो. हवं ते आलं तर हिरवं, नाही तर लाल. काय झालं ते माझ्या लक्षात आलं होतं. कार्डावर जुना पत्ता छापलेला आहे, त्यात गावाचा नंबर. सोनाळा सतरा. नव्या साइटमध्ये मी नंबर काढून पत्त्यात गावाचं नाव घातलं. आमच्या टेस्ट पत्ता स्वतः लिहीत नाहीत. गावाच्या पानाचा पत्ता काय, असं त्या साइटलाच विचारतात आणि तोच उघडतात. पत्ता बदलला तशा टेस्टही बदलल्या आणि हिरव्याच राहिल्या. अनोळखी पत्ता आला तर आम्ही पहिलं पान दाखवतो, संस्थेच्या फोटोंचं. ताईंना दिसलं ते तेच.

रेणुका टेस्टमध्ये प्रत्येक पत्ता हाताने लिहायची. मी तिला टायपिस्ट म्हणायचो. ती म्हणायची, "कार्डाले तुहा प्रोग्रॅम माहीत नाही. ते छापून गेलं." तिची ती फाइल मी दोन महिन्यांपूर्वी काढून टाकली. जुनी पद्धत आहे, असं गोकुळला सांगितलं. खरं म्हणजे वरच तिचं नाव होतं आणि मला ती उघडवत नव्हती.

"जुना पत्ता परत जोडतो," गोकुळ म्हणाला. "दोन मिनिटं लागतीन."

त्याने जोडला. सतरा नंबरचा पत्ता उघडतो का, अशी टेस्ट लिहिली. हिरवी झाली.

"साइटवर चढवू का?"

मी ते पान स्वतः उघडून बघितलं. वर लिहिलं होतं, सुलतानपूर. नव्या साइटमध्ये मी गावं तालुकावार लावली होती, त्यात नंबर सरकले. सुलतानपूर लोणार तालुक्यात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पान उघडत होतं, म्हणून टेस्ट हिरवी होती. गाव चुकीचं होतं.

"थांब."

"सर, तवरक दुसऱ्या कोणाले चावलं त?"

"आता फोटो दिसते त माणूस फोन तरी करते. हे दिसलं त तो गाडीत बसून निघीन."

गोकुळने हात की-बोर्डवरून काढला.

जुनी साइट परत लावायला तास गेला असता, आणि सकाळपासून दवाखान्यांनी भरलेला साठा तिच्यात नसता. कोणत्या कार्डावर कोणता नंबर, हे हाताशी एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, रेणुकाच्या फाइलमध्ये. काढून टाकलेली फाइलही आमच्याकडे जुन्या बदलांच्या नोंदीत राहते, तिथून परत आणता येते.

"मी परत आणू का?" गोकुळने विचारलं.

"नाही. मी आणतो."

वर तिचं नाव आणि तारीख. खाली सेहेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत हाताने लिहिलेला नंबर, आणि त्या पानावर कोणत्या गावाचं नाव दिसलंच पाहिजे ते. सतरा, सोनाळा. मी फाइल चालवली. चव्वेचाळीस लाल. दोन गावं योगायोगाने जुळली होती.

तिच्या यादीवरून नंबर आणि गावं जोडली. गोकुळ वाचत गेला, मी लिहीत गेलो. मधे एकदा माझा आकडा चुकला, त्याने थांबवलं. परत चालवली. सगळ्या हिरव्या. मग पाच गावांची पानं उघडून डोळ्यांनी बघितली आणि बारा एक्कावन्नला चढवलं.

त्यानंतर गावोगाव फोन लावत बसलो. अर्धी गावं त्याने घेतली, अर्धी मी. कार्डावर मोबाइल धरा, वर कोणत्या गावाचं नाव येतं ते वाचा. पावणेतीनला बेबीताईंचा फोन आला.

"सव्वाला इंजेक्शन लागलं. डॉक्टर म्हणते टायमावर आणलं. दोन दिवस ठेवून घेतेत." मग म्हणाल्या, "कार्डाले काय झालं होतं?"

"कार्ड चांगलं होतं, ताई. मी पत्ते बदलले अन् तुम्हाले सांगतलं नाही."



"रेणुकाबाई असत्या त पहिले आम्हाले विचारलं असतं त्यायनं."

"हो," मी म्हणालो.

पाच वाजेपर्यंत पंचेचाळीस गावांनी बरोबर नाव वाचून दाखवलं. उंद्रीच्या सेविकेचा फोन बंद होता. मी गाडीची किल्ली घेतली.

"सर, उंद्रीची टेस्ट हिरवी हाय ना," गोकुळ म्हणाला.

"हाय."

"मंग?"

"पाहून येतो."

उंद्रीची अंगणवाडी बंद झाली होती. कार्ड बाहेरच्या भिंतीवर होतं, उन्हाने फिकं पडलेलं. तीनदा मोबाइल धरला तरी टिपलं नाही. चौथ्यांदा टिपलं. उंद्री. खाली दवाखान्याचं नाव, खाली फोन. मी तो नंबर लावला. एका माणसाने उचलला.

"सापाचं इंजेक्शन हाय का?"

"बारा हायेत. कोणाले चावला?"

"कोणाले नाही. फोन लागते का ते पाहून राह्यलो."

"लागते," तो म्हणाला. "पेशंट असला त घेऊन या."